डाव्या हाताची रेघ

फर्स्ट मेसा,
रविवार

प्रिय व्हर्लाताई,

"आता मातीची मडकी पुरे, फिनिक्सला माझ्याकडे राहायला ये," असं तू आईला म्हणालीस, तेव्हापासून ती तुझा फोन घेत नाही. अर्धांगवायूनं उजवा हात गेलेल्या बाईला दुसरं काय सांगणार? माझ्याही मनात तेच होतं.

पण काल मी मडकं घोटून ठेवलं, तर आईनं युक्काच्या झुडपाच्या पात्याचा कुंचला डाव्या हातात धरला आणि त्यावर पक्ष्याचा पंख काढायला घेतला. रेघ वाकडी गेली. मी पुसायला गेले, तर हातावर फटका!

"खबरदार! हा हात आत्ता कुठे शिकतोय. तुझ्या पहिल्या रेघा पुसल्या होत्या का मी?"

आज मेंढ्यांच्या लेंड्यांचा जाळ करून मडकं भाजलं. तडा गेला नाही, उलट अंगावर सुरेख केशरी झाक आली. आई ते कुरवाळत बराच वेळ बसली. मग म्हणाली, "व्हर्लाला दाखवू या. फोनवर काय दिसणार, कप्पाळ!"

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, सोबतच आणतेय. उद्या आम्ही दोघी गाडी काढून तुझ्याकडेच येतोय. दारात आल्या आल्या ती आधी भांडेल बहुतेक. भांडू दे.

तुझी,
लिओरा