सहाव्या मजल्याच्या काचा

नाशिक,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. लताताई,

सविताचा नमस्कार. आईंचा गुडघा कसा आहे? कळवणला थंडी इथल्यापेक्षा जास्त असणार, त्यांना पहाटे ओट्यावर बसू देऊ नका. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काम कसं चाललंय?" मी "चांगलं" म्हणाले आणि ठेवून दिला. आई स्पीकर लावून ऐकतात, म्हणून हे पत्र. त्यांना गाडीचं तेवढं सांगा, बाकीचं तुमच्यापाशी राहू द्या.

गाडी अखेर झाली. अंबडच्या वाल्मीकभाऊंनी सिलेंडर वाहायच्या ट्रॉलीचा सांगाडा कापून, वेल्डिंग करून दिला. त्यावर पाण्याची टाकी, द्राक्षबागेत फवारणीला असतो तसला बॅटरीचा पंप आणि पाण्यातले क्षार काढणारे फिल्टर. असं पाणी काचेवर वाळलं तरी डाग राहत नाही, पुसावं लागत नाही. एकात एक सरकणारा लांब पोल आहे. पाण्याची नळी त्याच्या आतून थेट टोकाच्या ब्रशपर्यंत जाते. पूर्ण ओढला की चौथा मजला गाठतो, आणि माणूस आपला खाली जमिनीवर. दोर नको, लटकता झुला नको. हे गेल्यावर मी ठरवलंच होतं, काचांचं काम सोडायचं नाही, पण कुणाला वर चढवायचं नाही.

"वहिनी, भाजीच्या गाडीसारखी ढकला आता," वाल्मीकभाऊ म्हणाले. हसलेही. मलाही खूप दिवसांनी हसू आलं.

पहिलं काम गंगापूर रोडला, एका दवाखान्याचं. खालचे दोन मजले नीट झाले. हा पोल जितका वर जाईल तितका जड होतो, खांदे भरून येतात. तिसऱ्या मजल्यावर मात्र तो हलका झाला. वरून कुणी धरावा तसा. ब्रश आपोआप डावीकडून ओढला जाऊ लागला. आधी कोपरे, मग चौकट, मग काच. ताई, असं कोण पुसायचं ते तुम्हाला काय सांगू? डाव्या हाताने जेवतो म्हणून लहानपणी तुम्हीच रागवायचात ना.

वारा असेल, असं मी मनाला सांगितलं. तेवढ्यात तिथल्या आयाबाई, बयाबाई, खाली चहा घेऊन आल्या. दोन कप होते.

"वरच्या दादांना बोलवा. मी खिडकीतून विचारलं, ते बोललेच नाहीत."

"वर कुणी नाही, मावशी."

"असं कसं? काचेपलीकडे आहेत की. पाण्याआडून तोंड नीट दिसलं नाही. पण काय हो, त्यांना दोर का नाही बांधला?"

मी दुसरा कपही घेतला आणि टाकीवर ठेवला. गार होईपर्यंत राहू दिला.

यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मी बंगल्यांची कामं घेणं बंद केलं. खालच्या काचांवर काहीच होत नाही. उंच इमारत असली की जाते. पोल चढवते आणि वाट बघते. हलका झाला की बोलत बसते, आईंचं, तुमचं, घरातलं. ऐकू जातं की नाही ठाऊक नाही. पण मी बोलताना ब्रश थांबतो, एवढं खरं. घरी आल्यावर जेवावंसं वाटत नाही. सकाळ कधी होते असं होतं.

म्हणून गेल्या शनिवारी मी ते काम स्वतः मागून घेतलं. मुंबई नाक्याजवळची ती इमारत. तुम्हाला कळलंच असेल कुठली.

"वहिनी, इथलं कशाला घेतलं?" वाल्मीकभाऊंनी विचारलं. टाकी जड म्हणून ते मदतीला आले होते.

"पोल चौथ्यापर्यंतच जातो, भाऊ. सहाव्याचा प्रश्नच नाही," मी म्हणाले.

चौथ्या मजल्यावर ब्रश थांबला. मग पोल वर जाऊ लागला. ओढलेलाच होता, आणखी लांब होणार कुठून? तो मला घेऊन जात होता. माझ्या टाचा उचलल्या, मग चवडेही सुटायला आले. ताई, मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. हात सोडावा असं मनातसुद्धा आलं नाही.

वाल्मीकभाऊंनी माझा दंड धरला. "वहिनी, सोडा! सोडा तो!" त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा मला भान आलं. पण सोडून कसं देऊ? एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा तिथेच ठेवू? नवऱ्याला मी कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या दिवशी रस्त्यावर ओरडले, "संतोष, खाली ये! झालं तेवढं काम पुरे, खाली ये!"

पोल एकदम जड झाला. अख्ख्या माणसाचं वजन. आम्ही दोघांनी मिळून एकेक टप्पा आत सरकवत तो उतरवला, फार सावकाश. ब्रश फरशीला टेकला आणि वजन गेलं. वाल्मीकभाऊ तिथेच खाली बसले. मग त्यांनी हात जोडले.

वॉचमन आला नि वर बघत म्हणाला, "ताई, पाचवा तसाच धुळकट, आणि सहावा चकाचक? तिथवर पोचला कसा तुमचा ब्रश?"

मी वर पाहिलं. सहाव्या मजल्याच्या काचांत आभाळ दिसत होतं.

त्यानंतर दोन कामं केली. पोल जड आहे, खांदे दुखतात. वर कुणी नसतं. काल पोटभर जेवले आणि मग खूप रडले. ताई, चार दिवस माझ्याकडे या. आईंनाही आणा.

आणखी एक. वर्षश्राद्ध झालं तरी मी नावाआधी 'सौ.' लिहीत राहिले. तुम्ही पाहिलंत, पण कधी टोकलं नाहीत. तुमचे उपकार आहेत. आज ते न लिहिता सही करते आहे.

तुमची,
सविता