परकं कुणी आलं नव्हतं

आसुन्सिओन, ३ ऑगस्ट १९९१

ती. स्व. फेर्मिनमामांस, नेलिदाचा कृ. सा. न. वि. वि.

तुमच्या जुन्या विमान नियंत्रण कक्षाच्या चौकशीने मला वात आणलाय. मंगळवारी दोन विमानं ढगात एकमेकांना धडकता धडकता वाचली. नियंत्रक दालिलाने एकाला आठ हजार फुटांवर राहायला सांगितलं, वैमानिकाने ते परत म्हणून दाखवताना सात हजार म्हटलं, आणि हिने चूक सुधारलीच नाही. टेपवर नेमकं तिथेच दोनदा चट् चट् वाजतं. यंत्र बिघडलंय म्हणून मी तंत्रज्ञाचं डोकं खाल्लं, तर यंत्र ठणठणीत. आत कोण आलं होतं विचारलं, तर सगळे एका सुरात सांगतात की परकं कुणी आलं नव्हतं. दालिला नुसती रडते. सोळा तारखेच्या सुनावणीत तिची नोकरी जाणार. तुम्ही तिथले प्रमुख होतात, जरा त्यांचे कान उपटा.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही असू द्या.

नेलिदा

आरेग्वा, ७ ऑगस्ट

चि. नेलिदास अनेक आशीर्वाद.

मामी विचारते, चौकशा संपवून जेवायला कधी येणार? परकं कुणी आलं नव्हतं हे अगदी खरं, मी स्वतः होतो ना तिथे! चीज घातलेला गरमागरम चिपा पाव घेऊन गेलो होतो. सगळे उठून भेटले, ही बया मात्र खुर्चीला चिकटलेली. हाताने थांबा म्हणून खुणावते, तेही मला, ज्याने तिला काम शिकवलं. शेवटी तिच्या कानांवरचा हेडफोन मीच खाली ओढला आणि रीतीप्रमाणे दोन्ही गालांचे मुके घेतले. असल्या तुसड्या पोरीची नोकरी गेली तर कुणाचं काय अडतंय?

तब्येतीला जप. माया आहेच.

तुझा मामा

आसुन्सिओन, १० ऑगस्ट

ती. स्व. मामांस सा. न.

पत्र वाचून डोकं धरून बसले. ते चट् चट् म्हणजे तुमचे मुके, मामा. तेवढ्यात वैमानिक सात हजार म्हणाला, आणि तिचे कान तुमच्या हातात होते. दोन्ही विमानांत मिळून ऐंशी माणसं होती. तुमचं नाव येऊ नये म्हणून ती पोर नोकरी सोडायला निघालीय, आणि तुम्ही तिला तुसडी म्हणता. मला तुमचा भयंकर राग आलाय. तुमची भाची म्हणून ही चौकशी मी आजच दुसऱ्याकडे सोपवली. सोळाला या आणि मला लिहिलंत तसंच तिथे सांगा.

लोभ आटवू नका.

नेलिदा

आरेग्वा, २७ ऑगस्ट

चि. नेलिदास आशीर्वाद.

तुझं पत्र चांगलंच झोंबलं. पण सोळाला सगळं सांगून आलो, हे तुला कळलंच असेल. तिची नोकरी राहिली. काल चिपा घेऊन तिला भेटायला गेलो. काचेतून मला बघून तिने पुन्हा हाताने थांबा म्हणून खुणावलं.

थांबलो. चिपा पार गार झाला.

रविवारी जेवायला ये.

तुझा मामा