ओफाकिमच्या शाळेला आधी काय हवं

ओफाकिम,
ता. १८ मार्च १९७९

प्रिय आक्का,

शालोम. तुझं पत्र हनुक्काच्या सुमाराला मिळालं होतं. उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? इथे आम्ही बरे आहोत. ह्यांना थंडीत खोकला झाला होता, दवाखान्यातल्या बाईंनी औषध दिलं, आता कामावर जातात. कापडाचा कारखाना चालू आहे. मीसुद्धा तिथेच शिवणखात्यात आहे, हे तुला ठाऊकच आहे. होळीचा सण, इथे पुरीम म्हणतात, गेल्या आठवड्यात झाला. पुरणाच्या पोळ्या केल्या. डाळ बेरशेबाहून आणली. आमच्या अमोसनं दोन खाल्ल्या आणि मित्रांकडे निघून गेला. रेडिओवर सारखं इजिप्तशी तह होणार म्हणून सांगतात. सगळे खूश आहेत. मीही आहे, असं म्हणायला हरकत नाही.

तू आमच्या फ्लोरीच्या लग्नाचं विचारलं आहेस. तुझ्यासाठी ती अजून फ्लोरीच, इथे तिला पाझित म्हणतात. बोर्डिंगमधल्या बाईंनी पहिल्याच दिवशी नाव बदललं आणि तेच राहिलं. तिचं पुढे लिहिते. आधी इथल्या शाळेचं लिहिते, कारण हिवाळाभर माझं तेच चाललं होतं.

अमोसच्या शाळेत पालकांची कमिटी आहे. मला त्यात कसं घेतलं देव जाणे. मुंबईत मी चार वर्षं बालवर्गाला शिकवलं होतं एवढं मी कुणाला तरी बोलले असेन. इथल्या शाळेची दशा काय सांगू. नवीन शिक्षिका येतात, बहुतेक लष्करातून सुटलेल्या कोवळ्या मुली, आणि पेसाहच्या सुट्टीत गावी गेल्या की परत येत नाहीत. चौथीतल्या कितीतरी मुलांना धड वाचता येत नाही. आठवीनंतर मुलांनी लेथ मशीन आणि मुलींनी शिवण शिकायचं. मॅट्रिकची परीक्षा, जिला इथे बाग्रूत म्हणतात, तिचे वर्गच नाहीत. जी दोन-तीन मुलं हुशार निघतात त्यांना आठवीनंतर परीक्षा घेऊन बोर्डिंगमध्ये नेतात, यरुशलेमला नाही तर तिकडे उत्तरेला. खर्च सरकारचा. फ्लोरीला असंच नेलं होतं. तेव्हा मी तुला पेढे वाटल्यासारखं पत्र लिहिलं होतं.

जानेवारीत शाळेच्या दारावर नोटीस लागली. शिक्षण खात्याची माणसं तेल अविवहून येणार, गावातल्या शाळा सुधारायच्या आहेत, पण सगळं एकदम होणार नाही, तेव्हा आधी काय हवं ते पालकांनी सांगावं. खाली येणाऱ्यांची नावं होती. शेवटचं नाव पाझित नेवो.

नेवो हे तिच्या नवऱ्याचं आडनाव. लिहिलं एकदाचं.

लग्न ऑक्टोबरमध्ये झालं, आक्का, सुक्कोतच्या सणानंतर. पेताह तिक्वाला, मुलाच्या आईवडिलांच्या घरामागच्या बागेत. मुलगा चांगला आहे, इंजिनियर आहे, आईवडील पोलंडकडचे. आम्हाला छापील कार्ड आलं, जसं सगळ्यांना जातं तसं. आम्ही तिघे बसनं गेलो. मी मेंदी भिजवून नेली होती, आदल्या दिवशी पोचलो तर हाताला लावता येईल म्हणून. पण आदल्या दिवशी कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांची माणसं अदबीनं वागली. आम्हाला टेबल दिलं, जेवायला वाढलं. मुलाच्या आईनं विचारलं, "तुमच्याकडे असं थंडगार असतं का?" मी नाही म्हटलं. शेवटच्या बसला जागा मिळावी म्हणून आम्ही लवकर उठलो. पाझित फाटकापर्यंत आली होती. तुला काय कळवायचं ते मला सुचेना. अजून सुचत नाही, पण लिहिते आहे.

तर नोटीस बघून हे म्हणाले, "मी येणार नाही. तूही जाऊ नकोस." मी म्हटलं, मी कमिटीत आहे. तेवढ्यावर बोलणं संपलं.

मिटिंग शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होती. समोर टेबलाशी तिघे. मधले दोव नावाचे साहेब, पांढरे केस, बोलायला सभ्य. एका बाजूला एक चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला पाझित. केस कापले आहेत. मला पाहून तिनं मान हलवली, जशी ओळखीच्या माणसाला हलवतात. मी तिसऱ्या रांगेत बसले.

दोव म्हणाले, "प्रत्येकानं एकच गोष्ट सांगा. सगळ्यांत आधी काय?"

शमशोन उठला. हा ट्यूनिसचा, बस चालवतो, कमिटीचा मुख्य. म्हणाला, "आधी शिक्षक. इथे राहणारे. त्यांना घर द्या, पगार जास्त द्या, पण पेसाहनंतर परत येणारे द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणी म्हणालं छप्पर गळतं, कुणी म्हणालं पहिलीच्या वर्गात पंखे, कुणाला मैदानाला कुंपण हवं होतं. माझ्या शेजारी पनीना होती. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहते, मोरोक्कोची, कारखान्यात माझ्या पुढच्या मशीनवर बसते. तिची रिना आठवीत आहे, सगळ्या शाळेत पहिली. पनीना उभी राहून एवढंच म्हणाली, "माझ्या मुलीला पुढे शिकता यावं," आणि खाली बसली.

त्यावर पाझित बोलायला लागली. कागद न बघता बोलली. तिची हिब्रू काय सुरेख आहे, आक्का, रेडिओवरच्या बाईसारखी. ती म्हणाली, अशा गावांची पाहणी झाली आहे. गावात मॅट्रिकचे वर्ग काढले तर मुलं थोडी, शिक्षक मिळणार नाहीत, निकाल वाईट लागेल. बोर्डिंगला गेलेली मुलं मात्र युनिव्हर्सिटीपर्यंत पोचतात. तेव्हा खात्याचं मत असं, की आधी बोर्डिंगच्या जागा वाढवाव्यात, मग लेथची नवी मशीनं, मग बाकीचं.

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "आधी इथे मॅट्रिकचा वर्ग पाहिजे. वाईट निकाल लागला तरी चालेल. पुढे सुधारेल. मुलं घरी झोपली पाहिजेत."

माझ्या हिब्रूत एक शब्द चुकला, पुरुषी शब्दाला बायकी लावलं. पाझितनं तो हळूच दुरुस्त केला. ती शाळेत होती तेव्हा घरी करायची तसाच, तिला कळलंसुद्धा नसेल. मग म्हणाली, "गव्हेरेत, हे भावनेचं झालं. याला आधार काय?"

गव्हेरेत म्हणजे बाईसाहेब. दुकानात म्हणतात तसं.

गाव लहान, सगळ्यांना ठाऊक. शमशोननं बसल्या जागेवरून सांगितलं, "ही तिची आई आहे."

दोव साहेब वळले. "पाझित, खरं?"

"हो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आधार हाच. मी एक मुलगी दिली होती. ती शिकली, फार चांगली शिकली. तुम्ही बघताच आहात. पण परत कोण आलं ते मला ओळखता येत नाही. तुमच्या पाहणीत हे लिहा."

आणि बसले. पनीनानं माझा हात धरला. मला वाटलं होतं आत काहीतरी होईल, छाती भरून येईल. काही झालं नाही. समोरच्या भिंतीवर मुलांनी चिकटवलेली कागदाची झाडं होती, ती बघत राहिले. मग हात वर करून मतं घेतली. मॅट्रिकचा वर्ग पहिला आला, शिक्षकांची घरं दुसरी. बोर्डिंग खाली गेलं. पाझितनंच ते फळ्यावर लिहिलं, नीट अक्षरात, माझं म्हणणं सगळ्यांत वर.

मिटिंग सुटल्यावर दोव साहेब तिला म्हणाले, "जा घरी जाऊन ये, आम्ही थांबतो." ती माझ्याबरोबर चालत आली. हे बाहेर निघून गेले होते. अमोस होता. मी चहा टाकला. ती स्वयंपाकघरात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. मी मराठीत बोलत होते, ती हिब्रूत, आईलासुद्धा ईमा म्हणते. आमचं आता असंच असतं.

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर तुला बोलायचं नव्हतं मला."

"बरोबर बोललीस," ती म्हणाली. "मी पण बरोबर बोलले. मला इथे ठेवलं असतंस तर आज मी तुझ्या शेजारच्या मशीनवर असते, ईमा. पनीनाच्या मुलीसाठी तुला तेच हवं आहे?"

मी विचारलं, "तिथे तू रडायचीस का गं? पत्रात कधी लिहिलं नाहीस."

ती म्हणाली, "पहिलं वर्ष रोज रडायची. घरच्या जेवणाचा वास यावा म्हणून तुझी ओढणी उशीखाली ठेवायची. मुली हसायला लागल्या, म्हणाल्या करीचा वास येतो. मग मी ती धुतली. त्यानंतर रडू आलं नाही. त्यानंतर तसं काहीच झालं नाही. लग्नाच्या दिवशीपण नाही. तू बसला उशीर होईल म्हणून निघालीस, मला वाटलं आता तरी काही होईल. नाही झालं."

आक्का, हे सगळं ती हवापाण्याचं बोलावं तसं बोलली. मीही तसंच ऐकलं. मला वाटतं आम्ही दोघी त्या क्षणाइतक्या एकसारख्या कधीच दिसलो नसू.

अमोस दारात उभा होता. त्याला लेथवर टाकलं आहे, ठाऊक आहे ना. त्याला गणित आवडायचं. तो तिला म्हणाला, "मला का नाही नेलं?"

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू परीक्षेत एका मार्कानं राहिलास," ती म्हणाली. "मी नंतर बघितलं होतं."

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. चहा अर्धा प्यायला होता. जाताना तिनं माझ्या गालाला गाल लावला, इथल्या पद्धतीनं.

मागच्या महिन्यात वरून उत्तर आलं. पालकांची इच्छा नोंदवून घेतली आहे, वर्गाचा विचार पुढच्या वर्षी होईल. शिक्षकांसाठी दोन फ्लॅट मंजूर झाले आहेत. शमशोननं त्याचीच मिठाई वाटली. छप्पर दुरुस्त होतं आहे, ठोकण्याचा आवाज कारखान्यापर्यंत येतो.

आणि रिना बोर्डिंगच्या परीक्षेत पास झाली.

परवा पनीना वर आली. हातातला रुमाल पिळत होती. नवरा म्हणतो पाठव, सासू म्हणते पोर हातची जाईल. शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. ती म्हणाली, "डेझी, तू सांगशील तसं करते. तुझ्याइतकं कुणालाच हे ठाऊक नाही."

मी विचारलं, "रिना काय म्हणते?"

"ती काहीच म्हणत नाही. कपडे घड्या करून ठेवले आहेत."

मी गॅस बंद केला.

म्हटलं, "पाठव."

पनीना माझ्याकडे बघत राहिली. "पण हॉलमध्ये तू..."

"हॉलमध्ये मी गावाबद्दल बोलले. वर्ग इथे पाहिजेच, आणि मी मागत राहणार. पण तो यायच्या आत रिना मशीनवर बसेल. पाठव तिला. दर आठवड्याला तिथे जा. नेलेलं खाणं मुलींसमोर उघडायला लावू नकोस. ती बोलली नाही तरी तू जाऊन बस. मी गेले नाही, बसभाडं, ओव्हरटाइम, काहीतरी असायचंच. तू जा."

पनीना रडली. तिला पाणी दिलं. ती रडते हे बघून बरं वाटलं, कुणाला तरी येतं आहे.

ह्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या दिवशी एवढं बोललीस कशाला?" मी सांगितलं की दोन्ही खरं आहे. मग ते म्हणाले, "पाझितला फोन कर. आमच्याकडे ये म्हणावं, मी घरी असेन." शमशोनच्या घरी टेलिफोन आहे. अजून केला नाही. शनिवारचा शाब्बाथ झाला की करीन म्हणते.

हे सगळं तिथे कुणाला वाचून दाखवू नकोस. पण एवढं सगळ्यांना सांग, फ्लोरीचं लग्न झालं, मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. खोटं नाही त्यात काही. आणि तू तिथे देवाचे आभार मानायला तिच्या नावानं मलिदा कर. पोहे, गूळ, खोबरं, सगळं नीट घालून कर, शेजारपाजारच्यांना बोलाव, आपल्या संदेष्ट्याचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घे. लग्न झालं तेव्हाच मी इथे करायला हवा होता. पोहे भिजत घालायला जाते आणि हात पुढे होत नाही. तू कर, आक्का. तुझे हात अजून चालतात.

तुझी धाकटी,
डेझी