दाबलेला कापूस

कार्तिक वद्य षष्ठी, शुक्रवार. चांदूर.

संध्याकाळची पूजा केली, पण मन लागलं नाही. कोटाच्या खिशात तो कापसाचा बोळा अजून तसाच आहे.

आज पहिलीच्या वर्गात मूठभर मोकळा कापूस दाबून त्याचा बोळा केला आणि विचारलं, कापूस कमी झाला का? सहा वर्षांची गोदी म्हणाली, "हो, कमी झाला." तीनदा विचारलं, तीनदा तेच. मी ओरडलो, "तुझ्यासमोरच दाबला ना? मग गेला कुठं?" ती रडायला लागली. दुपारी तिचा बाप किसन आला, त्याला सांगून बसलो की पोर मंद आहे. तो म्हणाला, "मंग उद्यापासून कापूस येचाले नेतो तिले, मास्तर."

शाळा सुटताना तिची थोरली बहीण वेणू फटकन बोलली, "गुरुजी, मीबी पहिलीत असंच म्हनलं होतं. तुमी मलेबी रागावले होते. मंग आपोआप समजलं."

आपोआप! आणि वेणू तर आज तिसरीत सगळ्यांच्या पुढे. दरवर्षी पहिलीची बहुतेक मुलं हेच उत्तर देतात. ते त्या वयाचं उत्तर आहे, हे मला इतक्या वर्षांत दिसू नये? देवानं ज्याला वेळ ठेवली, त्यालाच मी छडी दाखवत राहिलो.

किसन उजाडताच शेतावर जातो. त्याआधी त्याचं दार गाठायला हवं. गोदी मंद नाही, मीच चुकलो, एवढंच म्हणायचं. जमेल?

बोळा खिशातच राहू दे. शब्द अडला तर हाताला लागेल.