सहा नंबरचा हात

७ ऑक्टोबर २०२४

चौथं हँडल — नापास!

दीड महिन्याचं काम, आणि पंचवीस मिनिटांत त्याची वासलात. आज मालवणला डॉ. दिव्या तेंडोलकरांची ओपीडी संपल्यावर त्यांच्याकडे गेले होते. नेहमीप्रमाणे सराव पेटी. पेटी म्हणजे एक बंद डबा, वर दोन भोकं, आत कॅमेरा. भोकांतून फूटभर लांबीचे चिमटे आत घालायचे आणि स्क्रीनकडे बघत काम करायचं. पोटाऐवजी डबा, बाकी सगळं दुर्बिणीच्या ऑपरेशनसारखंच. दुसरीकडे डॉक्टर लोक सरावाला द्राक्षाची साल काढतात. या बाई कोळंबी सोलतात! माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला अजून वास येतोय.

दोन कोळंब्या सोलल्या. तिसरीला चिमटा खाली ठेवला.

"अंगठ्याची रिंग आतून कापते. इथे. अर्धा मिलिमीटर कमी कर."

मी म्हटलं, डॉक्टर, मागच्या वेळी तुम्हीच वाढवायला सांगितलं होतं.

"हो. तेव्हा माझं चुकलं."

झालं! त्यांचं चुकलं आणि माझे सहा आठवडे गेले. बरं, चेहऱ्यावर रागबिग काही नाही. उरलेली कोळंबी पिशवीत भरून वर मलाच दिली — "आईला दे."

८ ऑक्टोबर

हे सगळं कशासाठी चाललंय ते लिहून ठेवते, नाहीतर एखाद्या दिवशी पुण्याला कंपनीकडे राजीनामा धाडून मोकळी होईन.

मार्चमध्ये मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, उभी राहून त्यांचं ऑपरेशन बघितलं. आमच्याच कंपनीचा चिमटा. हँडल साडेसात नंबरच्या ग्लोव्हजच्या हाताला बेतलेलं. डॉ. दिव्यांचा हात सहा नंबरचा. चिमट्याची टोकं फिरवायला हँडलच्या पुढे एक चाक असतं, त्यावर त्यांचं बोट पोचतच नव्हतं. म्हणून दर वेळी अख्खं मनगट वाकडं करायचं, आणि सगळा भार अंगठ्यावर. दोन तास! बाहेर येऊन त्यांनी हात नळाखाली धरला तो कितीतरी वेळ काढलाच नाही.

"अंगठा झोपलाय," म्हणाल्या. हसून.

सोळा वर्षं हे असंच. हत्यार कधी बदललं नाही, हातच वाकत गेला. त्याच रात्री मी पुण्याला लिहिलं — लहान हातासाठी वेगळं हँडल करू या. महिनाभर खेटे घालून परवानगी मिळवली. घरी, मालवणजवळ कट्टा गावात राहून काम करायची मुभाही मिळवली, कारण डॉक्टर इथे.

आणि त्या डॉक्टरांनी नंतर मला एकदाही ओटीत पाऊल टाकू दिलेलं नाही! मी विचारलं की — "आज गर्दी आहे", "आज नको". पेटी एके पेटी. खरं ऑपरेशन न बघता मी डिझाइन करायचं कसं? कोळंबीवर?

१४ ऑक्टोबर

ओंकारचा फोन. हा आमचा पुण्याचा प्रॉडक्ट मॅनेजर. ऑपरेशन सिनेमात बघितलं असेल तेवढंच.

"जेसिंता, लेडीज व्हर्जन कुठपर्यंत आलं?"

लेडीज व्हर्जन नाही, म्हटलं. लहान साइज. पुरुषांचेही हात लहान असतात.

"ते ठीक. पण मार्केटिंगचं म्हणणं आहे, गुलाबी करू या. लगेच ओळखू येईल."

फोन टेबलावर पालथा ठेवला आणि अंगणात जाऊन दोन फेऱ्या मारल्या. परत आले तर तो अजून बोलतच होता.

२२ ऑक्टोबर

थ्रीडी प्रिंटरला एका हँडलला चौदा तास लागतात. तेरा तास झाले आणि लाइट गेली. बॅटरीने वीस मिनिटं तग धरला, मग तीही गेली. पाचव्या हँडलला अंगठ्याची रिंग नाही. बाकी सुंदर!

मांय म्हणाली, "जेवक ये गो. तां हँडल काय पळान जावचां नाय."

पळून गेलं तर बरं.

३१ ऑक्टोबर

दिवाळी. ओंकार सुट्टीवर. शेजाऱ्यांच्या फराळापेक्षा त्याचाच आनंद जास्त.

६ नोव्हेंबर

पाचवं परत प्रिंट केलं. दाखवलं. नापास. अर्धा मिलिमीटर. पुन्हा!!

१५ नोव्हेंबर

प्लास्टिकमध्ये अर्धा मिलिमीटर पकडता येत नाही, म्हणून आतला सांगाडा धातूचा करायचं ठरवलं. पुण्याला पाठवून तीन आठवडे घालवण्यापेक्षा दत्तारामकाकांकडे गेले. बाजारात त्यांचं लेथचं दुकान. पंपांचे आणि होड्यांचे शाफ्ट करतात. हात असा, की दागिने घडवायला बसले असते तरी चाललं असतं.

ड्रॉइंग डोळ्यांपासून लांब धरून बघितलं. "गो जेसिंता, होडीच्या शाफ्टाक इतक्या हुकला तरी होडी दर्यात जाता. तुज्या ह्या चिमट्याक काय झालां?"

काका, डॉक्टरांच्या अंगठ्याला लागतं.

"मगे डॉक्टरांका सांग, हात बदल!"

सोळा वर्षं हेच केलं त्यांनी, म्हटलं. काकांनी चष्मा पुसला. तीन दिवसांनी ये म्हणाले.

पैसे विचारले तर ओरडले. आधी तां चलता काय बघ!

२७ नोव्हेंबर

सहावं हँडल. सांगाडा दत्तारामकाकांचा, वरचं कवच माझं. हॉस्पिटलच्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करायला ठेवलं. बाहेर काढलं तर कवच उन्हात राहिलेल्या मेणबत्तीसारखं वाकलेलं! सप्लायरने दुसराच माल पाठवला होता. पाकिटावर नाव बरोबर, आत भलतंच.

डॉ. दिव्यांची ज्युनियर आहे, पूजा. ऑपरेशनला कॅमेरा धरते. ते वाकडं हँडल बघून तिला हसू आवरेना. मग मलाही. डॉ. दिव्या मात्र हसल्या नाहीत.

"किती दिवस लागतील नवीन व्हायला?"

दोन आठवडे.

"लवकर कर, जेसिंता."

इतकी घाई, तर पाच वेळा नापास कशाला करायचं? हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

१९ डिसेंबर

सातवं. धातू, नवं कवच, बोट चाकावर आरामात पोचतं. चार कोळंब्या सोलल्या. मी मनात म्हटलं, आता तरी.

"बरं आहे. पण चौथ्या मिनिटाला इथे लागायला लागतं." अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं.

पूजा म्हणाली, मॅडम, मला तर काहीच लागत नाही.

"तुला नाही लागणार."

काय अर्थ याचा? बाकी कुणाला लागत नाही, यांना एकट्यांना लागतं! मग हे हँडल लहान हातांसाठी आहे की फक्त डॉ. दिव्या तेंडोलकरांसाठी? बसस्टॉपवर उभी राहून स्वतःशीच भांडत होते. शेजारच्या बाईंनी जरा बाजूला सरकून घेतलं.

२५ डिसेंबर

आज काही लिहायचं नाही. ख्रिसमस. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जास्त झाल्या.

९ जानेवारी २०२५

आठवं!

रिंग मुळी काढूनच टाकली. अंगठा आत अडकवायचाच नाही, नुसता टेकवायचा. तळहाताने दाबलं की चिमटा मिटतो. ही कल्पना कुठून आली सांगू? चौथ्या मिनिटाला लागतं, चौथ्या मिनिटाला लागतं, हे मनात घोळवत असताना विळीवर नारळ खवणाऱ्या मांयचा हात बघत बसले. तिचा अंगठा कुठेच अडकलेला नव्हता.

डॉ. दिव्यांनी दहा मिनिटं काम केलं. अख्खी दहा. घड्याळ मी लावलं होतं. चिमटा खाली ठेवला, हाताकडे बघत राहिल्या.

"हे."

एवढंच! छान नाही, शाबास नाही. "हे." आणि उठून तोंड धुवायला गेल्या. बराच वेळ गेल्या.

२७ जानेवारी

पुण्यात सगळ्या चाचण्या पास. एथिक्स कमिटीचं पत्रही आलं. ओंकार म्हणतो, फेब्रुवारीअखेर पहिलं ऑपरेशन झालं नाही तर प्रोजेक्ट बंद. "वर्ष झालं, जेसिंता. वरून प्रेशर आहे." वरून म्हणजे कुठून? वर पंखा आहे फक्त.

गुलाबीचं विसरलेला नाही.

११ फेब्रुवारी

पेशंट मिळाली. तुळसाकाकी, वालावलच्या. पित्ताशयात खडे. डॉ. दिव्या त्यांच्या पलंगावर बसून सगळं सांगत होत्या. हॉस्पिटलात एरवी शुद्ध मराठी, पण काकींशी मालवणी.

"ह्यां नवीन हत्यार माज्यारच पयलां वापरतल्यात?"

"होय. नको वाटला तर नको म्हणान सांग. जुना आसा. राग येवचो नाय."

काकींनी ते हातात घेतलं. उघडलं, मिटलं. "हलक्या आसा." मग मान वर करून, "पण तुमीच करतल्यात मां?"

"पूजा आणि मी. दोगांय असतलंव."

काकींनी सही केली. मी बाहेर येऊन पाणी प्याले. माझ्या हातून कुणाचं काही वाईट होऊ नये, एवढंच मागितलं.

१३ फेब्रुवारी

झालं. आधी ते लिहिते — तुळसाकाकी बऱ्या आहेत. शुद्धीवर येताच चहा मागितला.

आता बाकीचं.

जवळजवळ वर्षाने ओटीत पाऊल टाकायला मिळालं. डॉ. दिव्यांनी हात धुतले, गाऊन घातला, ग्लोव्हज चढवले. आणि जाऊन कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. सिस्टरनी आठवं हँडल पुढे केलं.

"पूजा, घे."

मला वाटलं, सुरुवात तिला करू देतायत. पण नाही. सगळं ऑपरेशन पूजाने केलं! पंचावन्न मिनिटं. डॉ. दिव्या कॅमेरा धरून फक्त बोलत होत्या — "घाई नको. धर. आता सोड." मध्येच एकदा स्क्रीन लाल झाली. "काही नाही," डॉ. दिव्या म्हणाल्या, "धरून ठेव." पूजाने धरलं. चिमटा केसभरही हलला नाही. क्लिप लावली, लाल थांबलं. शेवटी पूजाने ग्लोव्हज काढले, अंगठा दोनदा वाकवून बघितला आणि लहान पोरीसारखी ओरडली — "काहीच नाही झालं याला!"

आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पण आतून जळत होते. बाहेर पॅसेजमध्ये डॉ. दिव्यांना गाठलं.

तुम्ही का नाही केलंत?

"पूजाने छान केलं ना?"

मी ते तुमच्या हातासाठी बनवलं होतं.

"माहीत आहे."

आणि राउंडला निघून गेल्या!

आठ हँडलं. अर्धा अर्धा मिलिमीटर. माझी सगळी दिवाळी, अर्धा ख्रिसमस. आणि खरी वेळ आली तेव्हा हातसुद्धा लावला नाही. भरवसा नव्हता, दुसरं काय! बिघडलं असतं तर ज्युनियरच्या नावावर गेलं असतं.

१४ फेब्रुवारी

ओंकारला रिपोर्ट पाठवला. खाली लिहिलं — डॉ. तेंडोलकरांनी उपकरण स्वतः वापरलं नाही. त्यांचा डिझाइनवर विश्वास दिसत नाही. पुढच्या टप्प्यासाठी दुसरा सर्जन बघावा.

दोनदा वाचलं. पाठवलं.

दहा मिनिटांत उत्तर. एरवी दहा दिवस लागतात! "ओके. मुंबईचे एक मोठे सर आहेत, सोमवारी त्यांच्याशी फायनल करतो."

बरं झालं. सुटले.

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधली मिसा सुटून घरी आले तर अंगणात पूजाची स्कूटर. तिला रिपोर्टचं काही माहीत नव्हतं. मी डॉक्टरांचे फोन घेत नाहीये, म्हणून आली होती.

तिने सांगितलं — डॉ. दिव्यांनी जूनपासून एकही ऑपरेशन केलेलं नाही. अंगठ्याची नस कायमची दुखावलीय, तासभराचं ऑपरेशन त्याला झेपत नाही. हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक. ऑपरेशन पूजा करते, त्या शेजारी उभ्या राहून शिकवतात. कंपनीला कळलं असतं तर दुसरा सर्जन नेमला असता, साडेसातच्या हाताचा. म्हणून मला सांगितलं नाही.

"मी म्हटलं, मॅडम, माझाही हात सहाचाच, माझ्या हातावर बेतू द्या ना. तर म्हणाल्या, बरा अंगठा वर्षानुवर्षं मुकाट सोसतो. माझा चौथ्या मिनिटाला सांगतो."

म्हणजे तो प्रत्येक अर्धा मिलिमीटर त्यांना दुखत होता. आणि दर वेळी ते दुखणं त्यांच्या हातात नेऊन दिलं ते मी.

ओंकारला सात वेळा फोन लावला. आठव्यांदा उचलला. म्हटलं, रिपोर्टमधली शेवटची दोन वाक्यं चुकीची आहेत, माझी चूक, त्याच डॉक्टर हव्यात.

"अगं, पण कारण काय?"

"त्यांच्या अंगठ्याइतकं अचूक मोजमाप माझ्याकडे दुसरं नाही."