लाल गाडी, पांढरी गाडी

रामाकोना, ता. सौंसर
२० फेब्रुवारी १९८६

चिरंजीव गुणवंतास बाबाचा जयभीम आणि आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, राग मानू नको. तुझं पत्र येऊन महिना होत आला. आधी बगिच्यात संत्र्याची तोड चालू होती, मग बैलाचा खूर दुखावला, मग पोस्टात आंतरदेशीय पत्रं संपली. ही कारणं खरी आहेत, पण उशीर त्यांच्यामुळे झाला असं मला म्हणता येत नाही. तुझ्या आईचा खोकला कमी आहे. पुष्पा सौंसरला शिवणाच्या वर्गाला जाते. बस उशिरा आली की मी फाट्यावर जाऊन उभा राहतो. ती म्हणते, "बाबा, लोकं हसून राहिले." हसू दे.

तू लिहिलंस की मार्चअखेर मद्रासला पुन्हा शर्यत आहे, तुझ्या मालकांनी दोन्ही गाड्या तुझ्यासमोर ठेवल्या आणि तू लाल घेणार आहेस. गेल्या खेपेला शनिवारी सरळ पट्टीवर दोन्ही शेजारी उभ्या करून सोडल्या तेव्हा लाल गाडीने पांढरीला मागे टाकलं, हे तुझं कारण. ते बरोबर आहे. लाल गाडीचं इंजिन मोठं आहे. पण सुटताना पांढरी पुढे होती. लाल गाडीची मागची चाकं जागीच फिरत राहिली, धूर झाला, तेव्हा कुठे ती निघाली. अर्ध्या पट्टीनंतर तिने पांढरीला गाठलं आणि मग मात्र ऐकलं नाही. आपल्या शंकरपटात पळणारी बैलजोडी अशीच असते. सरळ पटावर तिला तोड नाही, पण तीच जोडी बंडीला जुंपून नाल्याच्या वाटेवर घेऊन जा म्हटलं तर कोणी तयार होत नाही.

रविवारी वळणाच्या रस्त्यावर शर्यत झाली. लाल गाडीत तू दुसरा आलास. पांढरी तिसरी आली, ती तो दाढीवाला चालवत होता. वळण आलं की पांढरी तुझ्या पाठीला येऊन चिकटायची आणि सरळ रस्ता लागला की तू निसटायचास. तो वळणावर ब्रेक कमी मारत होता, गाडी आपसूक वळल्यासारखी वळत होती. तू मात्र प्रत्येक वळणावर तिच्याशी भांडत होतास. हात दुखले असतील.

पत्र्याच्या शेडजवळच्या वळणाचं तू पत्रात काही लिहिलं नाहीस. तिथे तुझ्या गाडीचा मागचा भाग सुटला, ती आडवी होऊन गवताच्या पेंढ्यांपर्यंत गेली आणि एका बाजूची चाकं उचलली गेली. माझ्या शेजारच्या माणसाने डोळ्यांवर हात घेतला. मी घेतला नाही. चाकं खाली आली, तू गाडी सरळ केलीस आणि गेलास.

आता तुला समजलंच असेल. मी तिथे होतो.

पांढुर्ण्याचा देवीदास संत्र्याचा ट्रक घेऊन मद्रासला निघाला होता. मी म्हटलं मलाही ने. आदिलाबादच्या पुढे घाट लागला तशी मी त्याला सूचना द्यायला लागलो. तो म्हणाला, "कवडूभाऊ, ट्रक मी चालवून राहिलो का तुम्ही? तुम्ही डोळे मिटून घ्या, म्हणजे मले रस्ता दिसंन." मग मी वाटभर गप्प बसलो. तेवढं मला जमलं, हे तुझ्या आईलाही खरं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी तुमच्या तंबूजवळ आलो. तू लाल गाडीखाली झोपून काम करत होतास, फक्त पाय दिसत होते, पण पाय मी ओळखले. तुझ्यासोबतच्या जबलपूरच्या मिस्त्रीने विचारलं, "घर से कोई देखने नहीं आएगा क्या?" तू खालूनच म्हणालास, "मेरे बाबा? वो तो रेल का फाटक पार करते डरते हैं. यहाँ आ गए तो गाड़ी की चाबी लेकर भाग जाएँगे." सगळे हसले. गुणवंता, मलाही हसू आलं. तू खोटं काहीच बोलला नव्हतास. पण त्यानंतर पुढे यायला पाय उचलेना. वाटलं, हे आत्ता हसून राहिले, मला पाहून तुझं लक्ष उडालं तर काय करायचं. मागे फिरलो आणि दोन्ही दिवस तारेच्या कुंपणाजवळ लोकांत उभा राहिलो. मुरमुऱ्याचे लाडू तुला मिळाले असतील. ते मीच मैदानाच्या फाटकावरच्या माणसाजवळ दिले, नाव सांगितलं नाही.

घरी आलो तर तुझ्या आईने विचारलं, "कसा दिसते पोरगा?"
म्हटलं, "वाळला."
"काय बोलला?"
म्हटलं, "तुझ्या खोकल्याचं विचारलं."

पुढे तुझं पत्र आलं. ते तिला वाचून दाखवताना मी मधेच 'बाबा भेटले, बरं वाटलं' असं आपल्या मनाचं टाकलं. तिने तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. तुला उत्तर लिहायला बसलो की ते वाक्य आडवं येत होतं. पत्र राहिलं ते त्यामुळे.

तू शर्यत सोड असं मी आता म्हणणार नाही. आधी पुष्कळ वेळा म्हटलं. माझं म्हणणं एवढंच आहे की तू पांढरी घे. पांढरीत तू कदाचित तिसरा येशील, चौथाही येशील. लाल घेतलीस तर पहिलाही येशील, हे मला दिसतं. मी गाड्यांतलं शिकलेला नाही. तुझे मालक म्हणतील म्हातारा भ्याला, तर खरंच भ्यालो आहे. उठल्यापासून मला ती उचललेली चाकं दिसतात. तरीही तू लालच घेणार असशील तर तसं स्पष्ट लिही. मला बरं वाटावं म्हणून पांढरी लिहू नको.

आणखी एक. मृगबहाराची संत्री घेऊन देवीदास मार्चमध्ये पुन्हा मद्रासला जाणार आहे. त्याने मला विचारलं, मी अजून हो म्हटलं नाही. या वेळी तुझ्या तंबूत आलो तर चालेल का? नको वाटत असेल तर नको लिही, मी येणार नाही, आणि तुझ्या आईला काय सांगायचं ते मी पाहीन. पण गुणवंता, दोनच ओळी लिही आणि आजच टाक. देवीदास रोज विचारून राहिला.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा बाप
कवडू