नांदेडच्या फलाटावर स्थळाची चौकशी

भोकर, सोमवार

भागवतदाजींच्या पायाशी धाकट्या मेहुण्याचा, किशनरावचा, दंडवत. आक्काचे गुडघे कसे हायेत? डॉक्टरानं दिलेला पट्टा ती उशाखाली ठेवून झोपते म्हणं. तिला जरा रागवा. (फोन केला की ती तुम्हाला बोलूच देत न्हाई, म्हणून हे पत्र.)

तुम्ही आमच्या तनुजासाठी सुचवलेल्या शिवमची चौकशी करायला काल नांदेडला गेलो. बँकेत नोकरी, निर्व्यसनी, असं तुम्ही सांगितलेलं. दाजी, ह्याच्यापरीस तंबाखू खाणारा परवडला! त्याच्या खोलीच्या शेजारी कळलं, रविवारी तो स्टेशनवर असतो. प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत गेलो तर नवरदेव फलाटाच्या पार टोकाला, भर उन्हात, वही घेऊन उभे. गाडी आली की इंजिनाचा नंबर लिहायचा, गेली की दुसरीची वाट बघायची. कुणाला आणायचं न्हाई, कुणाला सोडायचं न्हाई. बिनकामाची माणसं आमच्या गावात बी लई हायेत, पण ती निदान पारावर सावलीत बसतात.

चौकशी गुपचूप करायची रीत, म्हणून पार्सलच्या पेट्यांआड बसलो. चहावाल्याला विचारलं, हमालाला विचारलं, पोराला झटके येतात का, घराण्यात आणखी कुणी असं हाय का. (हळूच विचारलं. बायको म्हणते माझं हळू बोलणं शिवारापलीकडं ऐकू जातं. तिचं काय ऐकता.) तीन तासांनी तोच आला, पाया पडला, पाण्याची बाटली दिली आन् म्हणाला, "मामा, तुमची भोकरची गाडी मघाच गेली." वर तिच्या इंजिनाचा नंबर सांगितला. केवढा तो शहाणपणा!

असल्या येड्याच्या गळ्यात पोरगी बांधणार न्हाई. नकार कळवून टाका.

आपला,
किशनराव

ता. क. तनुजाला सगळं सांगितलं तर विचारती, "बाबा, तीन तास तुम्ही काय बघून राहिले होते?" कार्टी.

ता. क. दुसरा. आत्ताच शिवमच्या वडलांचा फोन आला. तो हमाल त्यांच्याच ओळखीचा निघाला, त्यानं झटक्यांची चौकशी त्यांच्या कानावर घातलीय. त्यांनीच नकार दिला, वर चार शब्द ऐकवले. पोरीनं ताट सारलं, खोलीत रडून राहिली हाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी, ते तुमच्याच गल्लीतले, आजच जा, माझ्या वतीनं हात जोडा. पत्र पोस्टात न टाकता शेजारच्या व्यंकटीसंगं लातूरच्या बसनं पाठवतोय. त्यांना सांगा, किशनरावला रेल्वेचा लई शौक, इंजिनं बघायलाच गेला होता. खरं वाटलं न्हाई तर सात इंजिनांचे नंबर पाठीमागं लिहिलेत, ते दाखवा. चौथा जरा तपासून घ्या, तेवढ्यात चहावाला मधी आला होता.